प्रयोजन आणि अधिकारी : 'गुलामगिरी'च्या अध्यापनानिमित्ताने

'लेखकाचा हेतू कोणता आणि त्याचा वाचकवर्ग कोणता?' हा प्रश्न पदवीच्या वर्गात विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा संहितेबाहेर तयार असते. हेतू 'समाजप्रबोधन' आणि वाचक 'तत्कालीन समाज' ही जोडी एकोणिसाव्या शतकातील जवळजवळ कोणत्याही ग्रंथाला लावता येते. आणि जे उत्तर सर्वच ग्रंथांना लागू पडते ते कोणत्याही एका ग्रंथाविषयी काहीच सांगत नाही.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती. ग्रंथ कोणासाठी, या प्रश्नातच तो वाचण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न तेथे सामावलेला असे. जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' (१८७३) नेमके याच हक्काला आव्हान देतो.

या ग्रंथाची अर्पणपत्रिका निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना उद्देशून आहे. इंग्रजी प्रस्तावना शेतकऱ्यांच्या करावर वरिष्ठ वर्गाचे शिक्षण का चालावे, असा जाब राज्यकर्त्यांना विचारते. मुख्य भाग मात्र धोंडीबा आणि जोतीराव यांचा मराठी संवाद आहे. एका ग्रंथाचे हे तीन संबोधित. प्रत्येकाबरोबर प्रयोजनही बदलते. साक्ष, मागणी आणि जागृती यांना 'प्रबोधन' या एकाच शब्दात कोंबले की ग्रंथाची रचनाच दिसेनाशी होते.

शिवाय ज्यांच्या जागृतीसाठी हा संवाद आहे, त्यांपैकी बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. म्हणून येथील 'वाचक' हा प्रथमतः श्रोता होय. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाचे भाग फुल्यांनी गावोगावी वाचून दाखवले, तसेच सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. तोच ग्रंथ छापण्याची वेळ आली तेव्हा सत्यशोधक चळवळीच्याच 'दीनबंधू'ने पहिली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली. श्रोत्यांपुढे जे बोलता आले, ते छापील पानावर तितक्या सहजपणे येऊ शकले नाही.

संबोधित ओळखण्यात चूक झाली की मूल्यमापनही चुकते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या भाषेची टर उडवली. ज्या व्याकरणाच्या कसोटीवर ते तिला पारखत होते, ती कसोटी धोंडीबासारख्या श्रोत्याची नव्हती. ऐकणाऱ्याला उद्देशून केलेल्या बोलण्याला लिहिणाऱ्याच्या मापाने मोजले गेले.

विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६मध्ये लेखकाच्या हेतूला मूल्यमापनाचा निकष मानण्यास हरकत घेतली होती. परंतु येथे शोधावयाचा हेतू लेखकाच्या मनात दडलेला नसून अर्पणपत्रिका, भाषेची निवड आणि संवादरूप यांत उघड आहे. म्हणून विद्यार्थ्याला 'लेखकाला काय म्हणायचे आहे?' असे विचारण्यापेक्षा 'हे वाक्य कोणाशी बोलते, आणि ते आणखी कोणाच्या कानी पडावे अशी योजना आहे?' असे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

आज त्या वर्गात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात अक्षरओळख दोन-तीन पिढ्यांपूर्वी आली. त्यांच्यासाठी 'अधिकारी कोण?' हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमातला नाही. 'तत्कालीन समाज' असे ठरीव उत्तर लिहायला लावणारे अध्यापन त्यांना त्यांच्यासाठीच लिहिलेल्या ग्रंथापासून पुन्हा एकदा दूर ठेवते.