ताराबाईंचा सवाल आपल्यालाही

ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ सालचं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येपायी फाशी सुनावली, पेपरवाल्यांनी समद्या बाईजातीवर चिखल उडवला. तवा बुलढाण्याच्या या मराठा घरातल्या बाई पेटल्या. पतिव्रताधर्म बायकोलाच का, नवऱ्याला का न्हाई? पुराणातल्या देवांनाही त्यांनी सोडलं न्हाई. भाषा घरातली, फटकळ. ती सत्यशोधकांतल्या भालेकरांनाही झोंबली. जोतीरावांनी १८८५ ला 'सत्सार'मधून बाईंची बाजू घेतली.

उणं एवढंच, की दुखणं बहुतेक वरच्या जातींतल्या विधवेचं. आपल्यात पाटाची चाल होती. पण मार? मनुस्मृती जाळल्याचा अभिमान सांगून खोलीत बायकोवर हात उचलणारा कार्यकर्ता हे पुस्तक वाचताना कुणाच्या बाजूला बसतो? पुस्तक पुन्हा छापायला १९७५ उजाडलं.