घराने न ऐकलेले दुःख

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’पासून मराठी कादंबरीने घरात होणारा माणसाचा कोंडमारा हा आपला विषय मानला आहे. यमूचे दुःख घरच्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते मनावर कोणी घेत नव्हते, एवढेच. परंतु ज्या दुःखाला घरात नावच नाही, त्याचे चित्रण आपल्या साहित्यात फार उशिरा आले. समलिंगी ओढ असलेल्या तरुणांचे दुःख हे या जातीचे आहे. त्याचा वेध घेणाऱ्या तीन कृतींचा येथे एकत्र विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्रा हिची कहाणी सांगतो तो बापू. तिचा आधार म्हणावा असा तो एकटाच. नाटकाची अखेर तिच्या आत्महत्येत होते. हा शेवट केवळ तिच्या उत्कट स्वभावातून आला, असे म्हणून अनेकांचे समाधान होईल; आमचे होत नाही. जो भार साऱ्या घराने उचलावयाचा, तो एका भिडस्त मित्रावर पडला, हेच या नाटकाचे खरे शोकसूत्र होय.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीने हे सूत्र घराच्या मधोमध आणले. पुण्यातील जोशी कुटुंबात एक तरुण भाड्याने राहावयास येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा ही दोघेही, एकमेकांच्या नकळत, त्याच्या प्रेमात पडतात. पुढे अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते व एकटी परतते. घर हादरते, संतापते. पण तिला काही झाले आहे हे ते जाणते आणि तिला उपचारांसाठी नेते. तनयने तोच माणूस गमावला आहे. त्याला मात्र कोणी काही विचारीत नाही. येथे कोणी दुष्ट नाही, कोणी हात उगारीत नाही. आणि म्हणूनच हे मौन अधिक दाहक वाटते. एकच प्रियकर, एकच घर, पण एका दुःखाला शुश्रूषा आणि दुसऱ्याला एकान्त! तनयचे सारे निवेदन त्या गेलेल्या माणसाला उद्देशून आहे, ही केवळ तंत्राची करामत नव्हे. घरात ऐकणारा कोणी नसल्यामुळे ते तसे होणे अटळ आहे. कादंबरीचे रूप आणि तिचा आशय येथे एक झाले आहेत.

चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री नाट्यकृतीत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगितली आहे. मुलाची रोजनिशी हाती पडल्याने आईला त्याच्या समलिंगी असण्याचा उलगडा होतो. बोलणारी आहे ती आई. जोश्यांच्या घरात जो श्रोता नव्हता, तो येथे निर्माण होताना आपण पाहतो. आणि तो सहज होत नाही, यातच या कृतीचा सच्चेपणा आहे.

ही केवळ कलावंतांची कल्पना नव्हे. सान फ्रान्सिस्कोच्या केटलिन रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयात घराने अतिशय धिक्कारलेल्या अशा तरुणांत आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण, फारसा धिक्कार न झालेल्यांच्या ८.४ पट आढळले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु न्यायालयाचा निकाल मुलाला जेवणाच्या पानावर बोलते करू शकत नाही. ते आईबापांनीच करावयाचे असते.

या लेखनाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘कोबाल्ट ब्लू’चे जग पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गाचे आहे. सिल्वासाजवळच्या खेरडीसारख्या गावात, मराठी, गुजराती आणि वारली बोलींच्या सीमेवर वाढणाऱ्या एखाद्या तनयला या पुस्तकांत आपली व्यथा सापडेल. आपले घर सापडणार नाही. ते घर लिहिले जाणे बाकी आहे. तोवर शिक्षकाने ही पुस्तके वर्गात संकोचाने बाजूला सारू नयेत. जे नाव घरात उच्चारले जात नाही, ते वर्गात आदराने उच्चारले गेले, तरी ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला आपण एकटे नाही हे कळेल. साहित्याकडून याहून मोठी अपेक्षा आम्ही करीत नाही. याहून लहानही नाही.