वळिवड्याचे पोल आणि पंडितांची मोजपट्टी

आपल्या मराठीत घर सुटलेल्या माणसाला शब्द पुष्कळ आहेत. फाळणीनंतर आला तो निर्वासित, धरणाच्या पाण्यात गाव गेले तो धरणग्रस्त, दुष्काळाने देशोधडीला लागला तो परागंदा. शब्द निराळे, पण दाराला कुलूप लावताना हात थरथरतो तो सगळ्यांचा सारखाच. दिवाळीच्या दिवसांत, घरोघर आकाशकंदील लागलेले असताना, हा विषय कशाला काढला असे वाचक म्हणतील. परंतु घराची किंमत कळावी म्हणून तर आपण दिवे लावतो!

२०१५ साली दहा लाखांहून अधिक माणसे समुद्र ओलांडून युरोपच्या किनाऱ्याला लागली. तेव्हापासून तिकडच्या विद्यापीठांत निर्वासितांवरील ग्रंथांना जणू भरती आली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच माझी पुंजी. या ग्रंथांतील कोष्टकांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांत माणूस दिसतो की नाही, एवढे पाहण्याचा अधिकार कोणाही वाचकाला आहे. आणि ही परीक्षा घेण्यासाठी आपणां सांगलीकरांना लांब जायला नको. मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसावे. रुकडी मागे पडली की वळिवडे येते.

१९४३ ते १९४८ या काळात या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये एका बाजूने जर्मनीने व दुसऱ्या बाजूने रशियाने पोलंड गिळले. १९४० पासून रशियाने पूर्व पोलंडातील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सैबेरियात व कझाकस्तानात नेली. पुढे जर्मनी रशियावर उलटला, १९४१ त पोलंडशी करार झाला आणि कैदी सुटले. १९४२ साली त्यांतील पुष्कळजण इराणात उतरले. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले व म्हातारी माणसे आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशी पांगली. बर्फातून निघालेली ही माणसे पंचगंगेच्या काठी आली. त्यांनी तेथे शाळा काढल्या, देऊळ उभारले, नाटके केली, बालवीरांची पथके चालवली. आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीलाही त्यांची मुले शिकायला व आजारी माणसे हवापालटाला होती.

या प्रकरणावर जे लिहिले व बोलले गेले आहे त्याचे मला तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार स्वतः त्या निर्वासितांचा. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे लंडनमध्ये संघ स्थापून, कागदपत्रे व आठवणी गोळा करून, एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो २००० साली पोलिश भाषेत व २००९ साली इंग्रजीत निघाला. दुसरा प्रकार संशोधकाचा. अनुराधा भट्टाचार्जी यांचा ‘द सेकंड होमलँड’ हा २०१२ चा ग्रंथ त्यात अग्रगण्य. दप्तरखान्यातले कागद आणि हयात माणसांच्या मुलाखती या दोहोंची त्यांनी सांगड घातली. तिसरा प्रकार भाषणांचा. स्मारकापाशी, हारतुरे झाल्यावर, जे बोलले जाते ते.

पहिल्या प्रकाराचे मोल मी सर्वांत जास्त मानतो. ‘आम्हांला कोणी मोजले’ हे न सांगता ‘आम्ही कसे जगलो’ हे ती माणसे सांगतात. मात्र बालपणीची आठवण गोड असते. मूल छावणीलाही अंगण समजते. त्याच छावणीत नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईचे मन त्या गोडव्याखाली झाकले जाते. दुसऱ्या प्रकाराने ही उणीव कागदांनी भरून काढली, हे त्याचे ऋण. पण त्याचा विषयच निर्वासित आणि आसरा देणारी राज्यसत्ता हा आहे. त्यामुळे शेजारच्या शिवारातला शेतकरी, छावणीत भाजी विकणारी बाई, दूध घालणारा गवळी ही माणसे कडेलाच उभी राहतात.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ‘कोल्हापूरच्या छत्रपतींनी पोलंडला आश्रय दिला’ हे वाक्य कानाला गोड लागते. परंतु राजाराम महाराज १९४० सालीच निवर्तले होते. छावणी उभी राहिली तेव्हा गादीवरचे बाळराजे दोन वर्षांचेही नव्हते आणि कारभार दुसरेच पाहत होते. छावणीचा खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलिश सरकार सोशीत होते. जामनगरजवळच्या बालाचडीला जामसाहेबांनी पोलिश मुलांना आपली म्हटले, ती गोष्ट वेगळी. दोन गोष्टी एकत्र कालवून कोल्हापूरच्या माणुसकीला मोठेपण येत नाही. ती माणुसकी सिंहासनावरून आली नसेल, तर बांधावरून आली असेल. आणि बांधावरची माणुसकी शोधणे हेच खरे संशोधन.

हे कसे करावे याचा धडा, गंमत अशी की, पोलिश माणसांवरील अभ्यासानेच घालून दिला आहे. टॉमस व झ्नानिएत्स्की या दोघा पंडितांनी १९१८ ते १९२० या काळात, अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर पाच खंड प्रसिद्ध केले. त्यांचा मोठा आधार होता तो साध्या शेतकऱ्यांची घरची पत्रे! कोण आजारी, कोणाचे लग्न ठरले, किती पैसे पाठवले. पंडितांनी अशा पत्रांपुढे मान लवविली म्हणून तो ग्रंथ शंभर वर्षे टिकला. आजच्या कित्येक ग्रंथांत हे लवणे दिसत नाही.

आता मोजपट्टीकडे वळतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित तोच, जो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळाच्या भीतीने स्वदेशाबाहेर आहे. १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरतीच ही व्याख्या होती. ती मुदत १९६७ साली उठवली गेली. आपला देश त्या करारात आजही नाही. या पट्टीने मोजले तर कोयनेच्या पाण्याने घर सोडायला लावलेला माणूस निर्वासित ठरत नाही, कारण त्याने सरहद्द ओलांडली नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून सोने-चांदी गाळण्याची कला घेऊन हिंदुस्थानभर गेलेला आपला गलाईवालाही ठरत नाही. छळ झाला तो पावसाने केला! कायद्याला पट्टी लागते, हे मान्य. पण संशोधकाने तीच पट्टी डोळ्यांना बांधू नये.

आणि वळिवड्याची गोष्ट पोल गेल्यावर संपत नाही, हेच भाषणांत विसरले जाते. पोलंडात दुसऱ्यांचे राज्य आले म्हणून बहुतेकजण मायदेशी न जाता इंग्लंड वगैरे देशांत गेले. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागी सिंधमधून आलेले निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर! दिवाळीच्या कापडखरेदीला आपण तेथे जातो, दुकानदाराशी घासाघीस करतो, आणि त्याच्या आजीने कराचीला की सक्करला घर सोडले हे कधी विचारीत नाही. पोलंडच्या पाहुण्यांचा स्मृतिस्तंभ कोल्हापुरात १९९८ साली उभा राहिला, वॉर्सा शहरातही २०१७ साली कोल्हापूरची आठवण दगडात कोरली गेली. सिंधी आजीचा दगड कोठे आहे?

आठवण माणसाला उदार करतेच असे नाही. २०२२ साली पोलंडने युक्रेनच्या लाखो लोकांना घरांत घेतले, हे त्या देशाचे भूषण. पण त्याच्या आदल्याच वर्षी इराक-अफगाणिस्तानकडचे लोक बेलारूसच्या जंगलातून आले, तेव्हा त्यांना सरहद्दीवरून मागे लोटले आणि पुढे तेथे भिंत घातली. याला नुसते पोलंडला नावे ठेवून चालणार नाही. बीडहून आपल्या उसाला कोयता घेऊन येणाऱ्या कुटुंबाची पोरे शाळेच्या कुंपणाबाहेर उभी असतात, तेव्हा आपण सांगलीकर काय करतो?

म्हणून माझे मागणे पंडितांकडे थोडे आणि लेखकांकडे अधिक आहे. वळिवड्यावरची मोठी मराठी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ज्याला ती लिहायची असेल त्याने लंडनच्या आठवणी वाचाव्या, दप्तरे चाळावी. पण त्याआधी गांधीनगर आणि आसपासच्या गावांतील नव्वदीच्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसावे. त्यांची संख्या दर दिवाळीला घटते आहे. कागद दप्तरखान्यात वाट पाहतील. ही माणसे पाहणार नाहीत.