निघायचं की थांबायचं? युद्ध, बाजार आणि मुदतीचा प्रश्न

मागच्या वेळी आपण एकट्या माणसाच्या जबाबदारीविषयी बोललो. आज कंपनीच्या जबाबदारीकडे वळू या. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करतो.

२०२२ च्या मार्चमध्ये एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो पुण्यात एका युरोपीय कंपनीच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो. रशियातल्या शाखेचे आकडे त्याच्या टीमकडे होते. म्हणाला, "सर, सकाळी टीव्हीवर खारकिव्हच्या पडलेल्या इमारती बघतो आणि दहा वाजता मॉस्कोच्या विक्रीचा ताळा जमवतो. काय करू?" मी म्हणालो, "अरे, तो निर्णय कंपनीचा आहे, तुझा नाही. मनाला लावून घेऊ नकोस." झालं, फोन ठेवला. जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं आणि वेळ आल्यावर हे उत्तर दिलं! आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची टीका आहे असं समजा.

"निर्णय कंपनीचा आहे" म्हणजे नेमकं काय? याचं सर्वांत प्रसिद्ध उत्तर मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: व्यवस्थापक भागधारकांचा नोकर आहे. दुसऱ्याच्या पैशानं त्यानं समाजसेवा करू नये. कायदा पाळावा, समाजाचे नीतिनियम पाळावेत आणि नफा कमवावा. बाकीचं सरकार बघेल.

आता हे रशियाला लावून बघा. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर आक्रमण झालं. पाश्चात्त्य देशांनी बँका, तंत्रज्ञान, चैनीच्या वस्तू यांवर निर्बंध घातले. पण साबण, दही, बर्गर, बिअर? यांवर बंदी नव्हती. म्हणजे कायदा एका जागी येऊन थांबला आणि त्यापुढचं कंपनीनंच ठरवायचं होतं. "कायद्यानं मना केलेलं नाही" हे त्या जागी उत्तर होऊच शकत नाही, कारण प्रश्नच तिथून सुरू होतो.

मग थांबलेल्या कंपन्यांनी कारणं दिली. ती सगळी ढोंगी होती असं मी म्हणणार नाही. एकेक तपासू या.

पहिलं कारण, कर्मचारी. "हजारो रशियन माणसं आमच्याकडे काम करतात, त्यांनी हे युद्ध सुरू केलेलं नाही." यात वजन आहे. मॅकडोनाल्ड्सची रशियात सुमारे साडेआठशे रेस्टॉरंट्स आणि ६२ हजार कर्मचारी होते. ६२ हजार घरं म्हणा ना! पण सप्टेंबर २०२२ मध्ये रशियानं अंशतः लष्करभरती जाहीर केली. तिथल्या कायद्यानुसार बोलावणं आलेल्या कर्मचाऱ्याला कळवणं आणि तो हजर होईल असं बघणं यात मालकाला सरकारची मदत करावी लागते. म्हणजे ज्याच्यासाठी थांबलो म्हणता, त्यालाच आघाडीवर पाठवण्याच्या कामात तुमचा मनुष्यबळ विभाग येतो. कारण खोटं नव्हतं, पण परिस्थितीनं ते आतून पोखरलं.

दुसरं कारण, गरजेच्या वस्तू. बालकांचं अन्न, औषधं. हे मला सर्वांत भक्कम वाटतं. लहान मुलाचं दूध तोडून कुणाचंही सैन्य थांबत नाही. पण "गरजेचं" हा शब्द फार लवचिक आहे बरं का! नेस्लेनं आधी थांबायचं ठरवलं. मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्की यांनी स्वित्झर्लंडच्या लोकांसमोर बोलताना त्या कंपनीचं नाव घेतलं. त्यानंतर काही दिवसांतच किटकॅट, नेस्क्विकसारखी उत्पादनं थांबली, बालअन्न आणि रुग्णांचं अन्न तेवढं राहिलं. मग आधीच्या आठवड्यांत किटकॅट गरजेचं होतं का? रेषा ओढता येत होती. कुणीतरी नाव घेईपर्यंत ती ओढली नव्हती, एवढंच.

तिसरं कारण मात्र तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी नीट ऐकावं: "आम्ही निघालो तर दुसरा येईल, आणि तो आमच्याहून वाईट असेल." बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये एक उदाहरण रचलं होतं. जॉर्ज नावाचा रसायनशास्त्रज्ञ. बेकार आहे, घरात लहान मुलं आहेत. त्याला जैविक आणि रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळतेय. तो नको म्हणाला तर ती जागा दुसऱ्या एका उत्साही माणसाला जाईल आणि काम अधिक जोरात होईल. निव्वळ परिणाम मोजणारा म्हणेल, जॉर्जनं नोकरी घ्यावी. विल्यम्स विचारतात, मग जॉर्ज ज्या निष्ठेवर जगत आला, तिचं काय? ती हिशेबातली फक्त एक रक्कम आहे का?

कंपनीला जॉर्जसारखं अंतःकरण नसतं, हे मान्य. पण "दुसरा येईल" या युक्तिवादाची खोड तीच आहे. तो कुठल्याही कामाला लागू पडतो. जगात दुसरा नेहमीच असतो. ज्या युक्तिवादानं काहीही माफ करता येतं, त्यानं प्रत्यक्षात काहीच सिद्ध होत नाही.

इथे टाळ्या नकोत, कारण आता निघून गेलेल्यांकडे बघायचं आहे.

मॅकडोनाल्ड्सनं मे २०२२ मध्ये धंदा विकला. घेणारे अलेक्सांद्र गोवोर आधीपासून त्यांच्याच साखळीतले परवानाधारक होते. १२ जूनला तीच रेस्टॉरंट्स नव्या नावानं उघडू लागली, पहिलं मॉस्कोच्या पुश्किन चौकात. त्याच जागी ३१ जानेवारी १९९० ला पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं होतं. करारात पंधरा वर्षांपर्यंत परत विकत घेण्याची मुभा आहे. रेनॉनं अव्हतोवाझ या मोटार कंपनीतला आपला मोठा हिस्सा एका रुबलला रशियन सरकारी संस्थेला दिला आणि सहा वर्षांत तो परत घेण्याचा पर्याय राखला. तोटा अब्जावधींचा झाला, तो खराच. पण कारखाना, यंत्रं, शिकलेले कामगार हे सगळं त्याच राज्याच्या हाती गेलं, ज्याच्यापासून लांब जायचं होतं. निघून गेलं की हात स्वच्छ, असं नाही.

हायनेकेनचं तर आणखी बोलकं आहे. मार्च २०२२ मध्ये निघायचं जाहीर केलं. पुढं डच पत्रकारांनी उघड केलं, की मधल्या काळात रशियात नवी पेयं बाजारात आणली जात होती. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये सगळा धंदा एका युरोला विकला, तीस कोटी युरोंचा तोटा घेऊन. त्याच्या महिनाभर आधी रशियन सरकारनं दानोन आणि कार्ल्सबर्ग यांच्या तिथल्या कंपन्या "तात्पुरत्या" सरकारी ताब्यात घेतल्या होत्या. दानोनच्या प्रमुखपदी बसवला गेला तो चेचन्याचे रमझान कादिरोव्ह यांचा नातलग. निघणाऱ्यांना मालमत्ता निम्म्या किमतीत विकायची आणि वर सरकारी तिजोरीत "ऐच्छिक" रक्कम भरायची, असा नियम होऊन बसला होता. म्हणजे उशिरा निघण्याची किंमतही युद्ध चालवणाऱ्याच्याच खजिन्यात!

हे सगळं ऐकून आपल्याकडे कुणालाही अभिमन्यू आठवेल. आत शिरायचं माहीत, बाहेर पडायचं माहीत नाही. पण एक फरक आहे. अभिमन्यूला शिकायला वेळ मिळाला नाही. या कंपन्यांना २०१४ पासून आठ वर्षं मिळाली होती. क्रिमिया तेव्हाच घेतला होता ना?

माझा मुद्दा इथे येतो. "निघावं की थांबावं" हा प्रश्न आपण तराजूसारखा मांडतो, त्यात काळ नसतो. पण या निर्णयात काळ हाच मुख्य आहे. २०२२ च्या मार्चमध्ये कंपनीच्या हाती जे होतं, ते २०२३ च्या जुलैत राहिलं नव्हतं. वाट बघणं म्हणजे निर्णय न घेणं नव्हे. वाट बघताना निर्णय तुमच्या हातून दुसऱ्याच्या हातात सरकत असतो.

मग थांबणं कधीच बरोबर नसतं का? असतं, आणि त्याचं उदाहरण इतिहासात आहे. लिऑन सुलिव्हन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक, जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर होते. १९७७ मध्ये त्यांनी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या कंपन्यांसाठी तत्त्वं मांडली: समान वेतन, एकत्र जेवणघर, कृष्णवर्णीयांना बढती. थांबा, पण या अटींवर थांबा. टीका झाली, की यानं वर्णभेद फक्त सुसह्य होतो. १९८५ मध्ये सुलिव्हन यांनी मुदत घातली: दोन वर्षांत वर्णभेद गेला नाही तर कंपन्यांनी निघावं. १९८७ मध्ये तो गेलेला नव्हता. त्यांनी शब्द पाळला आणि आपल्याच तत्त्वांचा मार्ग सोडून निघण्याचं आवाहन केलं.

त्यांची तत्त्वं पुरेशी होती का, यावर वाद घाला. पण थांबण्याला अट होती, अटीला मुदत होती आणि ती सगळ्यांसमोर सांगितलेली होती. रशियात थांबलेल्या कंपन्यांच्या निवेदनांत मी हेच शोधत होतो. "परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत" हे वाक्य वारंवार सापडलं. कशावर लक्ष? काय झालं तर निघाल? हे क्वचितच कुणी लिहिलं. अट नाही, मुदत नाही, मग त्याला धोरण कसं म्हणायचं? ती सवय झाली.

आता तुमच्यातलं कुणीतरी विचारणार, "सर, आपण कोण हे विचारणारे?" रास्त आहे. युद्धापूर्वी आपल्या तेल-आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या आसपास गेला. याची कारणं आहेत, स्वस्त इंधन गरिबालाही लागतं. पण हेही विसरू नका, की १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, वर्णभेदावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. आपल्या निर्यातीचा पाच टक्क्यांहून जास्त भाग त्यात गेला. तेव्हा आपण श्रीमंत नव्हतो. प्रश्न विचारायला निष्कलंक असावं लागत नाही. तोच प्रश्न स्वतःलाही विचारायची तयारी मात्र हवी.

शेवटी त्या विद्यार्थ्याकडे येतो. "निर्णय कंपनीचा, तुझा नाही" यातलं पहिलं अर्धं बरोबर होतं, दुसरं चुकीचं. रशियाचा बाजार सोडायचा की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं. पण कंपनीनं अट आणि मुदत सांगावी, असं चार सहकाऱ्यांनी मिळून लेखी विचारणं त्याच्या हातात होतं. आणि उत्तर आलं नाही, तर स्वतःची मुदत ठरवणंही होतं. मी त्याला फक्त शांत झोपायला सांगितलं.

मागच्या महिन्यात त्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "सर, मी सहा महिन्यांनी दुसरा विभाग मागून घेतला. पण कुणाला कारण नाही सांगितलं." थोडं थांबून म्हणाला, "सांगायला हवं होतं, नाही का?"

मी हो म्हणालो. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.