वृत्तपत्राचे स्वातंत्र्य आणि त्याचा खर्च

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात पत्राच्या स्वातंत्र्याचा निर्णय बहुधा त्याच्या मतांच्या तीव्रतेवरून केला जातो. प्रस्तुत टिपणात दुसरी कसोटी सुचवावयाची आहे : पत्राचा भार कोण वाहतो, ही.

१८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकाराविरुद्ध बहिष्कार सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. आजचा दौंड तालुका त्याच भीमथडीच्या मुलखातला. बातमी या गावांत घडत होती; ती रयतेच्या बाजूने सांगणारे रयतेचे पत्र मात्र नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधु' काढले. तीन वर्षांत ते मुंबईस गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते पुढे चालविले. १८८३मध्ये जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची आरंभीची दोन प्रकरणे त्यात छापली गेली. पुढील प्रकरणे थांबली. चळवळीचे स्वतःचे पत्रही लेखकाइतके निर्भय राहू शकले नाही. याला केवळ भित्रेपणा म्हणणे सोपे आहे; परंतु लेखकाला लेखणीपुरता धोका असतो, चालकाला छापखान्यासकट सर्व संसाराचा, हे विसरून चालणार नाही.

१९१०च्या मुद्रण कायद्याने हा धोका आकड्यांत मांडला : नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये तारण मागण्याची तरतूद झाली, दंडाधिकाऱ्याची मर्जी असल्यास ते माफही होई. त्याच वर्षी भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी नगर जिल्ह्यातील सोमठाणे येथून 'दीनमित्र' सुरू केले. खेड्यातून निघणारे हे साप्ताहिक १९६७पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षापर्यंत, चालले. अभ्यासक याचे श्रेय त्यागाला देतात. ते योग्यच आहे. पण अपुरे आहे. एका माणसाच्या सोसण्यावर उभे असलेले पत्र त्या माणसाबरोबरच संपते. त्यागाची स्तुती करताना आपण संस्थेचा अभाव झाकतो.

आज शिरूर वा दौंड येथे एखाद्या तरुणाने स्वतंत्र वृत्तमाध्यम काढावयाचे ठरविले, तर त्याला खिळे, कागद वा टपाल लागत नाही, मोबाइल पुरतो. अडचण मात्र जुनीच आहे. साखर कारखाना, रांजणगावची औद्योगिक वसाहत, नदीपात्रातील वाळू आणि निवडणूक हे येथील बातमीचे विषय. आणि ज्यांची बातमी द्यावयाची, जाहिरातही बहुधा त्यांच्याचकडे मागावी लागते. शिवाय पुण्याची मोठी पत्रे रस्त्याने व रेल्वेने सकाळीच येथे पोहोचतात. तेव्हा त्यांत न येणारी, गावापुरती बातमी हेच या माध्यमाचे भांडवल. आणि नेमकी तीच विकणे कठीण.

म्हणून अशा माध्यमाच्या अग्रलेखांइतकीच त्याची जमाखर्चाची वही अभ्यासकाने तपासली पाहिजे. शंभर वाचकांची अल्प वर्गणी एका जाहिरातदाराच्या मोठ्या रकमेपेक्षा कमी भरेल. पण त्या शंभरांपैकी एक रुसला तर पत्र बंद पडत नाही. 'दीनबंधु'च्या थांबलेल्या प्रकरणांचा धडा हाच आहे.