केवा आणि कव्वाना : ज्यू प्रार्थनाविचाराचे एक वाचन

प्रार्थनेविषयीच्या ज्यू ग्रंथांत दोन शब्द वारंवार जोडीने येतात : 'केवा' आणि 'कव्वाना'. केवा म्हणजे ठरलेले, नेमाचे : ठरलेली वेळ, ठरलेले शब्द. कव्वाना म्हणजे मन लावणे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आपण मराठी वाचक हे ऐकताच 'कर्मकांड विरुद्ध भाव' अशी ओळखीची जोडी लावतो, भावाच्या बाजूने कौल देतो आणि पुस्तक मिटतो. संतसाहित्यावर वाढलेल्या मनाचे हे साहजिकच आहे. पण माझा आक्षेप नेमका या ओळखीला आहे. कव्वाना म्हणजे भाव नव्हे. शब्दाच्या मुळाशी रोख धरण्याचा, दिशा देण्याचा अर्थ आहे. भाव आपोआप दाटून येतो किंवा येत नाही. रोख धरावा लागतो, आणि तो धरायला शिकताही येते. हा फरक पुसला, तर ज्यू परंपरेने प्रार्थनेवर केलेला कष्टाचा विचार हाती लागत नाही. (मला हिब्रू अक्षरओळखीपुरतीच येते, माझे वाचन इंग्रजी भाषांतरांवर उभे आहे, हे आधीच सांगते.)

मिश्ना हा धर्मनियमांचा संग्रह इ. स. 200 च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातील पहिलेच प्रकरण, 'बेराखोत', प्रार्थनांचे आहे. तिथे रब्बान गमलिएल सांगतात की रोज अठरा आशीर्वचने म्हणावीत. रब्बी अकिवा म्हणतात, तोंडी बसली असतील तर अठरा, नाहीतर त्यांचे सार. आणि लगेच रब्बी एलिएझर म्हणतात की ज्याने आपली प्रार्थना केवा करून टाकली, त्याच्या प्रार्थनेत याचना उरत नाही. नेम आणि नेमावरचा आक्षेप एकाच पानावर, आणि मिश्ना दोघांपैकी कोणालाही बाहेर काढत नाही.

पुढे तल्मूद विचारतो, केवा म्हणजे नक्की काय? एक उत्तर : ज्याला प्रार्थना ओझ्यासारखी वाटते, त्याची. दुसरे : जो ती विनवणीच्या सुरात म्हणत नाही, त्याची. तिसरे : जो तिच्यात स्वतःचे नवे काही घालू शकत नाही, त्याची. त्यावर रब्बी झेरा म्हणतात की मला नवे घालता येईल, पण घोटाळा होऊन पुढचे विसरेन, अशी भीती वाटते. एवढ्या मोठ्या ग्रंथात इतके साधे, घरगुती भय नोंदलेले पाहून मला फार बरे वाटले.

भाव नाही, मग करायचे काय? मिश्ना सांगते, पूर्वीचे भक्त प्रार्थनेआधी तासभर थांबत, मन देवाकडे वळावे म्हणून. यावर तल्मूदने हिशेब मांडला आहे. आधी एक तास, प्रार्थनेचा एक, नंतर एक. दिवसातून तीनदा म्हणजे नऊ तास. मग त्यांचा अभ्यास आणि पोटापाण्याचे काम कधी होई? ते भक्त होते म्हणून त्यांचा अभ्यास टिकला आणि कामाला बरकत आली, असे उत्तर दिले आहे. ते मला पटत नाही. प्रश्न मात्र अस्सल आहे; स्वयंपाक, नोकरी आणि लोकल सांभाळणाऱ्या कोणालाही तो पडेल.

याच प्रकरणाच्या शेवटी आलेला 'व्यर्थ प्रार्थने'चा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. बायको गरोदर असताना नवऱ्याने 'मुलगा होऊ दे' म्हटले, तर ती प्रार्थना व्यर्थ. प्रवासातून परतताना गावातून आक्रोश ऐकू आला आणि 'हा माझ्या घरातला नसू दे' म्हटले, तरी व्यर्थ. जे घडून गेले आहे त्यासाठी हाक मारायची नाही. दुसरे उदाहरण भयंकर आहे. भाव त्या क्षणी जितका तीव्र असेल तितका एरवी कधी नसेल. तरीही ग्रंथ म्हणतो, नाही. माझा आक्रोश टळावा म्हणजे शेजाऱ्याचा असावा, हा अर्थ मी त्यात वाचते. मिश्नेने तसे स्पष्ट म्हटलेले नाही. पण भावाची तीव्रता हे प्रार्थनेचे माप नाही, एवढे इथे निर्विवाद दिसते.

बाराव्या शतकात मायमोनिडीजने नियम कडक केला : कव्वानाशिवाय प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, लक्ष नसेल तर पुन्हा म्हणावी. प्रवासातून थकून आलेल्याने मन ताळ्यावर येईपर्यंत थांबावे. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोझेस इस्सर्लिस एका टीपेत लिहितात की आता पुन्हा म्हणायला सांगू नये, कारण दुसऱ्यांदाही लक्ष लागण्याचा भरवसा नाही. या टीपेपाशी मी बराच काळ थांबले. ही शरणागती आहे, असे कोणी म्हणेल. मला ती सामान्य माणसाची बाजू घेणारी वाटते. विचलित मनाची प्रार्थना तिने रद्द होऊ दिली नाही. त्याची किंमतही पडली. एकदा सूट मिळाली की आधीचा थांबण्याचा तासही विस्मरणात जातो.

अब्राहम जोशुआ हेशेल यांनी 1954 साली इंग्रजीत काढलेल्या प्रार्थनाविषयक पुस्तकाचा रोख याच हानीवर आहे. वॉर्सात जन्मलेले, युरोपातून निसटून अमेरिकेत आलेले हेशेल तिथल्या नीटनेटक्या सिनेगॉगना सांगत होते की पोथी बदलून भागणार नाही, म्हणणारा बदलायला हवा. निदान अचूक आहे. पण त्यांची भाषा विस्मयाने इतकी भारलेली आहे की काय वाटायला हवे ते कळते, काय करायचे ते फारसे कळत नाही. मिश्ना इथे जास्त उपयोगी पडते : थांबा, खोटे मागू नका. तरी 1965 साली सेल्मा इथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालल्यावर आपले पाय प्रार्थना करत होते असे वाटल्याचे हेशेल यांनी सांगितले, तेव्हा रोख म्हणजे काय, ते त्यांनी पुस्तकापेक्षा स्पष्ट केले.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की ग्रंथ आणि हिब्रू दोन्ही हरवल्यावरही 'शेमा' हे एक वचन त्यांच्यापाशी उरले, आणि ते प्रत्येक प्रसंगी म्हटले जाई. एकच वचन, तेही न कळणाऱ्या भाषेत : वरवर पाहता केवाचा याहून मोठा नमुना नाही. पण तल्मूदची पहिली कसोटी लावा. ते ओझे होते का? ओझे असते तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी वाहिले नसते. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. शेमा आणि अठरा आशीर्वचने कोणत्याही भाषेत म्हणता येतात, ही मोकळीक मिश्नेतच आहे; त्यामुळे राजपूरकरांचे मराठी हे मूळ नियमाला धरूनच होते. ज्या घरांत समजेल असे मराठी पुस्तक आले, तिथेही शेमा हिब्रूतच राहिला.