खिसा एकाचा, संघ गावाचा : महामारीतल्या खालच्या लीगचा हिशेब



विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की कासात बसून इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या फुटबॉल क्लबांचे हिशेब कशाला तपासायचे? प्रश्न रास्त आहे. साधं उत्तर असं, की त्यातल्या एका क्लबचा मालक आपल्या पुण्यात बसतो. दुसरं उत्तर जरा लांबचं आहे, ते शेवटी येईल.

महामारीनंतर एक वाक्य सगळीकडे रूढ झालं : ‘करोनाने छोटे क्लब बुडवले.’ वर्तमानपत्रांत तेच, माहितीपटांत तेच. आमचं म्हणणं आहे की हे वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे ते बऱ्याच जणांच्या सोयीचं आहे. आजार आला की कोणालाच जाब विचारावा लागत नाही.

आधी रचना समजून घेऊ. इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, वीस संघांची. तिच्याखाली इंग्लिश फुटबॉल लीगचे तीन विभाग : चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. मिळून ७२ क्लब. वरच्यांना टीव्हीचा पैसा मिळतो. जसजसं खाली जावं तसतसा टीव्हीचा वाटा घटतो, आणि क्लब तिकिटांवर, सामन्याच्या दिवशी होणाऱ्या खाण्यापिण्याच्या विक्रीवर आणि स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींवर जगायला लागतो. मार्च २०२० मध्ये सामने थांबले. चॅम्पियनशिप २० जूनला रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाली. लीग वन आणि लीग टूच्या क्लबांनी मात्र ९ जूनला मतदान करून हंगामच गुंडाळला. कारण उघड होतं. प्रेक्षक नसताना सामना खेळवणं म्हणजे गल्ला बंद ठेवून दुकान उघडण्यासारखं.

इथपर्यंत ‘करोनाने बुडवले’ हे खरं वाटतं. आता तारखा बघा.

बरी नावाचा जुना क्लब. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो एका माणसाने एक पौंडाला विकत घेतला. होय, एक पौंड! पैसा कुठून येणार हे त्याला दाखवता आलं नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबला लीगमधून काढून टाकलं. महामारी तेव्हा सात महिने लांब होती. दुसरा मॅकल्सफील्ड टाउन. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने तो गुंडाळायचा आदेश दिला. म्हणजे भर करोनात. पण त्याच्या खेळाडूंचे पगार २०१९ पासून रखडत होते आणि त्यापायी त्याचे गुणही कापले गेले होते. ताप जुनाच होता, थर्मामीटर नंतर लावला.

चॅम्पियनशिपचं तर विचारूच नका. २०१८-१९ च्या हंगामात, म्हणजे प्रेक्षक गच्च भरून येत होते तेव्हा, या विभागातले क्लब मिळालेल्या दर १०० पौंडांमागे सुमारे १०७ पौंड नुसत्या पगारांवर खर्च करत होते. वीज, प्रवास, मैदान हे सगळं त्याच्या वर. असा व्यवहार चालतो कसा? मालक दर वर्षी खिशातून भर घालतो म्हणून. प्रीमियर लीगमध्ये चढलो की टीव्हीचा पैसा येईल आणि सगळं फिटेल, ही आशा. चढतात तिघे, आशा मात्र चोवीस जण करतात.

म्हणून आम्ही म्हणतो, महामारीने नवा खड्डा फार थोड्या ठिकाणी पाडला. आधीच्या खड्ड्यावर जी चटई टाकली होती, ती तिने ओढून घेतली.

यातलं सगळ्यात कठोर उदाहरण विगन अॅथलेटिकचं. २०२० च्या उन्हाळ्यात, रिकाम्या स्टेडियमांच्या काळात, क्लबची मालकी हाँगकाँगशी संबंधित एका कंपनीकडून दुसरीकडे गेली. लीगच्या नियमांतून हा व्यवहार पार पडला. आणि काही आठवड्यांतच, १ जुलै २०२० ला, क्लब प्रशासकाच्या हाती गेला. म्हणजे देणी भागत नाहीत असं कायद्याने मान्य झालं. शिक्षा म्हणून १२ गुण कापले. मैदानावर कमावलेल्या गुणांवर संघ सुरक्षित होता, पण या कपातीमुळे तो खालच्या विभागात घसरला. वाचवायला निधी कोणी जमवला? चाहत्यांनी. ज्यांना विकताना कोणी विचारलं नव्हतं, त्यांनीच झोळी फिरवली.

आता आपल्या पुण्याकडे येऊ.

ब्लॅकबर्न रोव्हर्स, स्थापना १८७५. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. गाव कापडगिरण्यांचं, आपल्या परळ-लालबागसारखं गिरण्या बंद पडलेलं. गावचाच एक पोलाद व्यापारी, जॅक वॉकर, याने पैसा ओतला आणि १९९४-९५ ला हा क्लब प्रीमियर लीग जिंकला. वॉकर २००० साली गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकर ट्रस्टने क्लब विकला तो पुण्याच्या व्यंकीज समूहाला, २.३ कोटी पौंडांना. अंडी-कोंबड्यांच्या धंद्यातलं आपलं मोठं नाव.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगमधून घसरला. मे २०१२ च्या त्या सामन्यात प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात जिवंत कोंबडी सोडली. २०१७ मध्ये संघ आणखी खाली, तिसऱ्या पायरीवर गेला, आणि २०१८ मध्ये परत चॅम्पियनशिपला आला. या काळात मालकांनी सल्लागार चुकीचे निवडले, फुटबॉल समजून घेतला नाही, अशी टीका झाली आणि ती बरीचशी योग्य होती.

पण आम्हाला इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर समीक्षा एकांगी होईल. महामारीत गेट बंद होतं तेव्हा ब्लॅकबर्न कोणी तगवला? याच मालकांनी. मालक कंपनीचं क्लबवरचं देणं दहा कोटी पौंडांच्या पुढे गेलेलं होतं. ते परत मिळेल अशी आशा कोणी शहाणा माणूस धरणार नाही. तरी पैसे येत राहिले. विगनच्या चाहत्याला विचारलं असतं, तर त्याने पुण्याचे मालक आनंदाने घेतले असते.

मग प्रश्न मिटला का? नाही. पुढे भारतातून ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्याचा विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि रक्कम पाठवायला न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ आली. कोण चूक, कोण बरोबर, हे न्यायालय बघेल. आपण फक्त एवढं बघू : लँकेशायरमधल्या दीडशे वर्षांच्या क्लबचा पगार दिल्लीतल्या तारखेवर अडकू शकतो. मालक वाईटच असला पाहिजे असं नाही. चांगल्या मालकाचा रस्तासुद्धा बंद होऊ शकतो. एकाच नळावर अख्खी वाडी असली की नळवाल्याचा स्वभाव हा दुय्यम मुद्दा ठरतो.

आणि जॅक वॉकरचं काय? तोही एकच नळ होता. गावचा होता आणि जाताना ट्रस्ट ठेवून गेला, हे ब्लॅकबर्नचं नशीब. नशिबाला व्यवस्था म्हणता येत नाही. जुन्या मालकाच्या आठवणीने डोळे पुसणारे चाहते हा मुद्दा सोडून देतात.

आता एक गोष्ट, जी आम्हाला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचते. २०२० मध्ये पुण्याचा पैसा ब्लॅकबर्नला तगवत होता, तेव्हा पुण्याचा स्वतःचा एकही क्लब देशाच्या वरच्या दोन लीगमध्ये नव्हता. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता, २०१५ नंतर बंद. भारत एफसी एक हंगाम खेळला, बंद. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर आय-लीगमधून गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं, संघ संपला.

यातला एकही क्लब करोनाने मेला नाही. सगळे आधीच मेले होते. कुठे मालक अडचणीत आला, कुठे कंपनीचं धोरण बदललं. प्रेक्षक, प्रशिक्षक, अकादमीतली पोरं, कोणाचंही मत नोंदलं गेलं नाही. इंग्लंडमध्ये क्लब मेला की संसदेत प्रश्न येतो. तिथे २०२१ मध्ये चाहत्यांच्या सहभागाने मोठा आढावा झाला आणि २०२५ मध्ये स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा आला. आपल्याकडे क्लब मेला की क्रीडा पानावर चौकट येते.

मग एका मालकाविना क्लब कसा असतो? कोल्हापूरला बघा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. नावातच ‘तालीम’ आणि ‘मंडळ’ आहे. हे संघ पेठांचे आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासूनची, सामने शाहू स्टेडियमवर. टाळेबंदीत तेही मैदान थांबलं. पण थांबणं वेगळं आणि संपणं वेगळं. खेळ थांबला तसा तालमीचा बहुतेक खर्चही थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा पेठ जागेवर होती, म्हणून संघही होता.

हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या महालक्ष्मीची यात्रा २०२० च्या चैत्रात भरली नाही. पुढे ती परत भरली. ‘आता ही यात्रा कोण विकत घेणार’ असा प्रश्न कोणी विचारला नाही.

पण तालमींचंही आम्ही कौतुकच करत बसणार नाही. तिथेही आता बाहेरचे आणि परदेशी खेळाडू येतात, ईर्ष्येपोटी खर्च चढतो, आणि तो भागवायला पुढाऱ्याची देणगी लागते. हिशेब पेठेपुढे वाचला गेला नाही, तर पेठेचा संघ हळूहळू देणगीदाराचा होतो. नाव तेच राहतं, एवढंच. सामुदायिक मालकीला पैशाची मर्यादाही असते. वेल्समधला रेक्सहॅम २०११ पासून चाहत्यांच्या ट्रस्टचा होता. महामारीच्याच काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, ट्रस्टच्या ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी तो दोन अभिनेत्यांकडे सोपवायचं ठरलं. पुढे संघ पायऱ्या चढत गेला. म्हणजे चाहत्यांनी चूक केली असं म्हणवत नाही. पण फरक लक्षात घ्या. रेक्सहॅमच्या लोकांना विचारलं गेलं. विगनच्या लोकांना नाही, आणि पुण्याच्या लोकांना तर कधीच नाही.

आमचा मुद्दा एवढाच आहे. पैसा कोणाचाही असो, तीन गोष्टी त्याच्या खिशात जाता कामा नयेत : संघाचं नाव, खेळायची जागा आणि हिशेबाची वही. या तीन गोष्टी गावाकडे असतील, तर मालक आला काय आणि गेला काय, संघ दुबळा होईल पण मरणार नाही. या तिन्ही खिशात गेल्या, तर महामारी नसतानाही संघ मरतो.

आता ते दुसरं उत्तर. आपल्याकडे डहाणू-तलासरीत उन्हाळ्यात सामने लागतात. क्रिकेट असेल, कबड्डी असेल, कुठे फुटबॉल. फलकावर देणगीदाराचा फोटो संघाच्या नावापेक्षा मोठा असतो. टी-शर्टवर त्याचं नाव, चषकावर त्याचं नाव. पैसे जरूर घ्या, आम्ही नको म्हणत नाही. पोरांना बूट लागतात, बॉल लागतो. पण निवडणूक सरली आणि देणगी आटली, तर पुढच्या वर्षी संघ उभा राहील का? बॉल कोणाच्या घरी आहे? जमाखर्च कोणी लिहिला आहे, आणि तो पाड्यावर वाचून दाखवला आहे का?

ब्लॅकबर्नच्या लोकांना हे प्रश्न विचारायला संधीच उरली नव्हती. आपल्या संघांचा खर्च अजून काही हजारांत आहे, म्हणून आपल्याला ती आहे. आज घरी गेल्यावर आपापल्या मंडळाची वही मागून बघा. वही नसेल, तर शंभर पानी आणा आणि पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या.